देवासचा चिटणीस आणि न्यूयॉर्कची फिल्म कंपनी

मर्चंट-आयव्हरी हे नाव निघालं की हिरवळीवर मांडलेलं चहाचं टेबल, पांढरे लेसचे झगे आणि मनातलं न बोलता निमूट बसलेली इंग्रज माणसं डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे ही कंपनी विलायतेतली असणार असं बहुतेक जण धरून चालतात. काहींना तर हे एकाच माणसाचं नाव-आडनाव वाटतं. ही कंपनी अमेरिकन. १९६१ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यात तीन माणसं होती. जेम्स आयव्हरी हा दिग्दर्शक कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि ओरेगनमध्ये, लाकडाच्या वखारीच्या मालकाच्या घरात वाढलेला. निर्माता इस्माइल मर्चंट हा मुंबईच्या मुसलमान घरातला, सेंट झेवियर्सचा विद्यार्थी. आणि पटकथा लिहिणाऱ्या रूथ प्रॉवर झाबवाला जर्मनीतल्या कोलोन शहरात जन्मलेल्या ज्यू. हिटलरच्या काळात घरच्यांबरोबर पळून त्या इंग्लंडला गेल्या, तिथे सायरस झाबवाला या पारशी वास्तुविशारदाशी त्यांचं लग्न झालं आणि १९५१ पासून त्या दिल्लीत संसार करत होत्या. जन्माने इंग्रज यांत कुणीच नाही.

ज्याच्या कादंबऱ्यांनी या कंपनीला जगभर नाव मिळवून दिलं तो लेखक मात्र अस्सल इंग्रज होता. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. आणि या फॉर्स्टरने १९२१ सालचे काही महिने माळव्यातल्या एका मराठी राजाच्या पदरी नोकरी केली होती. तो राजा म्हणजे देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, तिसरे. न्यूयॉर्कच्या कंपनीची गोष्ट सांगताना देवासला जावं लागतं ते या चाकरीमुळे. मात्र त्याआधी थोडा पैशांचा हिशेब पाहायला हवा, कारण कंपनीचा जन्म त्यातूनच झाला.

त्या काळी अमेरिकन चित्रपट भारतात धो-धो चालत, पण त्यांची सगळी कमाई अमेरिकेला नेता येत नसे. परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने निर्बंध घातले होते आणि हॉलिवूडच्या कंपन्यांचे रुपये इथल्याच बँकांत अडकून पडले होते. न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय व्यवस्थापन शिकलेल्या मर्चंटच्या डोक्यात आलं की या अडकलेल्या रुपयांत भारतात इंग्रजी चित्रपट काढावेत आणि ते त्याच कंपन्यांनी जगभर दाखवावेत. कंपनीला तिचे पैसे वापरायला मिळाले, आपल्याला भांडवल मिळालं. आयव्हरीला भारताचं वेड होतंच. भारतीय लघुचित्रांवर त्याने ‘द सोर्ड अँड द फ्लूट’ नावाचा माहितीपट केला होता, आणि तो न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला तेव्हाच या दोघांची गाठ पडली. पुढे चव्वेचाळीस वर्षं ती टिकली, धंद्यात आणि घरातही.

दोघे दिल्लीला झाबवालाबाईंकडे गेले ते त्यांच्या ‘द हाउसहोल्डर’ या कादंबरीसाठी. मर्चंटने आधी फोन केला तर बाईंनी आपण सासूबाई बोलतोय असं सांगून त्याला टाळायचा प्रयत्न केला, असा किस्सा प्रसिद्ध आहे. पटकथा कधी लिहिलेली नाही, अशी बाईंची अडचण होती. आयव्हरीनेही कथापट केलेला नव्हता आणि मर्चंटनेही कधी काढलेला नव्हता, त्यामुळे ती अडचण कुणाला अडचण वाटली नाही. १९६३ साली चित्रपट आला. शशी कपूर आणि लीला नायडू हे नवं जोडपं, आणि मुलाच्या संसारात लुडबुड करणारी आई म्हणजे आपल्या दुर्गा खोटे. छायालेखन सत्यजित राय यांच्या सुब्रत मित्रांचं. पहिली जुळणी जमेना तेव्हा खुद्द रायांनी कलकत्त्यात बसून चित्रपट पुन्हा कापून-जोडून दिला. कोलंबिया पिक्चर्सने तो विकत घेतला, आणि किंमत मोजली ती त्या अडकलेल्या रुपयांतूनच. मर्चंटचा आडाखा खरा ठरला.

दोन वर्षांनी ‘शेक्सपिअरवाला’ आला. जेफ्री केंडल यांची खरीखुरी फिरती नाटक मंडळी, जी गावोगावी आणि संस्थानोसंस्थानी शेक्सपिअरचे प्रयोग करत असे, तिच्यावरून हे कथानक बेतलेलं होतं. पैसे इतके कमी की चित्रपट कृष्णधवल काढावा लागला. ते त्याच्या पथ्यावरच पडलं, असं मला वाटतं. त्यात एक महाराज आहेत. मंडळींना वाड्यावर बोलावून ते अँटनी आणि क्लिओपात्राचा खेळ करवून घेतात. उत्पल दत्तांनी केलेले हे महाराज इंग्रजी काव्यावर मनापासून प्रेम करणारे, पण राज्य हातातून गेलेले. मधुर जाफरींना या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. संस्थानिकाच्या वाड्यावर आलेला गोरा पाहुणा कंपनीच्या पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो इथे. पुढची वीस वर्षं तो वेगवेगळी नावं घेऊन पुन्हा पुन्हा येत राहिला.

आता देवास.

मुंबई-आग्रा रस्त्यावर इंदूरच्या पुढे हे गाव लागतं. मराठी वाचकाला ते कुमार गंधर्वांमुळे ठाऊक असतं. आजारपणात हवापालटासाठी आलेले कुमारजी माता टेकडीच्या पायथ्याशी राहिले ते कायमचेच. पण त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं हे पवारांचं गाव होतं. बाजीरावाच्या फौजेबरोबर माळव्यात उतरलेल्या पवारांच्या एका शाखेने धार धरलं. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या वाट्याला देवास आलं. दोघांनी मुलूख वाटून घेतला, पण राजधानी एकच ठेवली. म्हणून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार, दोन कारभारी, आणि दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांची सलामी. धारच्या राजांनाही तितकीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थोरल्या पातीची प्रजा जेमतेम साठ हजारांच्या घरात होती. एवढ्याशा राज्याचा डोलारा मात्र पूर्ण थाटाचा.

धारचे पवार आपलं नातं थेट भोजराजाच्या परमारांशी सांगत आणि त्यांच्या हद्दीत मांडूही होतं. रूपमती-बाजबहादूरच्या त्या पडक्या महालांनी हिंदी सिनेमावाल्यांना भुलवलं, गुलजारांचा १९७७ सालचा ‘किनारा’ तिथलाच. देवासला सांगण्यासारखं अवशेषांचं वैभव नाही. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, म्हणजे मोठी माता आणि छोटी माता, आणि खाली गाव. सिनेमाच्या दृष्टीने फार काही नाही. साहित्याच्या दृष्टीने मात्र धारपेक्षा देवास नशीबवान निघालं.

तुकोजीरावांचे शिक्षक आणि पालक म्हणून सरकारने माल्कम डार्लिंग नावाचा तरुण आयसीएस अधिकारी नेमला होता. पुढे पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे डार्लिंग ते हेच. गुरू-शिष्यांची घट्ट मैत्री झाली. डार्लिंग हे फॉर्स्टरचे केंब्रिजचे दोस्त, त्यामुळे १९१२ साली भारतात पहिल्यांदा आलेला फॉर्स्टर नाताळच्या सुमारास देवासला पोचला. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ १९०८ साली आणि ‘हॉवर्ड्स एंड’ १९१० साली छापून झालं होतं. म्हणजे तो तेव्हाही नामांकित कादंबरीकार होता. १९२१ साली महाराजांचे नेहमीचे इंग्रज चिटणीस रजेवर गेले आणि त्यांच्या जागी फॉर्स्टर बदली माणूस म्हणून आला. मार्चअखेर ते नोव्हेंबर एवढीच ही नोकरी.

त्याच्याकडे सोपवलेली कामं वाचली की हसू येतं. बागा, तळी, मोटारी, विजेचं यंत्रघर. यातलं त्याला एकही समजत नव्हतं. नवा राजवाडा पुरा व्हायच्या आतच एकीकडून ढासळत होता. विलायतेहून मागवलेले पियानो कोरड्या हवेत तडकून पडले होते, त्यांतला एकही वाजत नव्हता. तिजोरीत खडखडाट. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब, ही तुकोजीरावांची राणी. ती मात्र कधीच माहेरी निघून गेली होती आणि त्यावरून दोन दरबारांत तेढ होती. अशा कारभारात राहूनही फॉर्स्टरला हे महाराज आवडले, नुसते आवडले नाहीत तर थोर वाटले. त्याने ज्या राजाबद्दल लिहिलं आहे तो अत्यंत विनोदी, मायाळू, मित्रासाठी जीव टाकणारा आणि पैशाच्या बाबतीत साफ बेफिकीर आहे. सगळ्यावर कडी म्हणजे तो कृष्णाचा भक्त होता.

त्या वर्षीची गोकुळाष्टमी फॉर्स्टरने जुन्या वाड्यात मुक्काम करून पाहिली. आठ दिवस अखंड भजन, अनवाणी नाचणारे महाराज, गुलाल, गोंगाट, मूर्ती झाकून टाकणारी फुलं आणि सजावटीतला भडकपणा. शेवटी मातीचं गोकुळ मिरवत नेऊन तळ्यात सोडतात. इंग्रज मनाला हे सगळं गबाळं वाटलं, आणि या गबाळेपणातच काहीतरी खरं आहे असंही वाटत राहिलं. तीन वर्षांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ आली. तिचा तिसरा भाग या उत्सवावर उभा आहे. गावाला त्याने माऊ हे नाव दिलं, भूगोल इकडचा तिकडचा घेतला, पण देवळात नाचणारा आहे प्रोफेसर नारायण गोडबोले आणि भजनी मंडळी ज्याच्या नावाचा पुकारा करतात तो आहे तुकाराम. विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी एका कादंबरीचा शेवटचा भाग तुकोबांच्या नावाने उघडतो, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. माळव्यात वसलेल्या मराठी घरांनी टाळ-मृदंग बरोबर नेले होते, त्याचा हा परदेशी पुरावा.

पुढची कहाणी दुःखाची आहे. १९२७ साली युवराज विक्रमसिंहराव वडिलांवर भयंकर आरोप करत इंदूरला पळाले. कर्ज वाढत गेलं. सरकारने चौकशीचा तगादा लावला तेव्हा महाराज पाँडिचेरीला, फ्रेंचांच्या हद्दीत, निघून गेले ते परतलेच नाहीत. १९३७ साली तिथेच वारले. युवराज गादीवर आले आणि १९४७ साली कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. फॉर्स्टरने १९५३ साली आपली देवासहून लिहिलेली पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने छापली. पुष्कळशी पत्रं आईला लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यांत न सांगितलेलंही पुष्कळ आहे. वाड्यातल्या एका न्हाव्याशी आपले शरीरसंबंध होते, ते महाराजांना कळलं आणि त्यांनी आपल्याला हाकलण्याऐवजी सांभाळून घेतलं, हे त्याने वेगळं लिहून ठेवलं होतं. त्यात स्वतःच्या वागणुकीबद्दलची शरमही आहे. ते टिपण छापून आलं १९८३ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

योगायोग असा की त्याच १९८३ मध्ये मर्चंट-आयव्हरीचा ‘हीट अँड डस्ट’ कान महोत्सवात दाखवला गेला, आणि त्यात नबाबाच्या महालात राहणारा हॅरी नावाचा एक इंग्रज आहे. आजारी, मिश्कील, पुरुषांकडे ओढा असलेला. नबाबावर जीव आहे, पण विलायतेतल्या आईची काळजी सुटत नाही. झाबवालाबाईंची मूळ कादंबरी १९७५ साली आली होती आणि तिला बुकर पारितोषिक मिळालं होतं. कथानक दोन काळांत चालतं. १९२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याची बायको ऑलिव्हिया नबाबाबरोबर निघून जाते, आणि कित्येक वर्षांनी तिचा माग काढत तिच्या नात्यातली एक मुलगी भारतात येते. चित्रीकरण हैदराबादला झालं. नबाब शशी कपूर, ऑलिव्हिया ग्रेटा स्काकी, आणि आधुनिक काळातला घरमालक इंदरलाल म्हणजे चक्क झाकिर हुसेन, तबला बाजूला ठेवून. हॅरीकडे पाहताना देवासच्या बदली चिटणीसाची आठवण होते.

त्याहून जवळचा धागा ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ प्रिन्सेस’ मध्ये आहे. माझ्या मते कंपनीचं सर्वांत चांगलं काम हेच, आणि सर्वांत कमी पाहिलं गेलेलंही हेच. १९७५ सालचा हा तासाभराचा चित्रपट. लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये एक संस्थानी राजकन्या राहते. दरवर्षी दिवंगत वडिलांच्या वाढदिवसाला ती त्यांच्या पदरी असलेल्या सिरिल साहेबांना चहाला बोलावते आणि दोघं मिळून संस्थानातल्या जुन्या फिती पाहतात. मधुर जाफरी आणि जेम्स मेसन, एक खोली, एक प्रोजेक्टर. फिती मात्र खऱ्या आहेत. राजवाड्यांतून आणि संग्रहांतून गोळा केलेल्या शिकारी, लग्नं, मिरवणुका. राजकन्येला त्यांत वैभव दिसतं. सिरिल साहेबांना आपलं वाया गेलेलं तारुण्य दिसतं. त्याच फिती, तेच महाराज. साहेबांनी वडिलांवर पुस्तक लिहावं अशी राजकन्येची फार इच्छा असते. तिला हवा असतो तसा महाराज त्यांना आठवत नाही, आणि आठवतो तसा सांगता येत नाही.

या व्यक्तिरेखेत फॉर्स्टरबरोबरच जे. आर. ऍकर्लीही दिसतो. फॉर्स्टरच्याच शिफारशीवरून तो छत्रपूरच्या महाराजांकडे चिटणीस म्हणून गेला होता आणि त्यावर त्याने ‘हिंदू हॉलिडे’ हे खट्याळ पुस्तक लिहिलं. पण ऍकर्ली संस्थानाकडे पाहून हसला आणि घरी गेला. सिरिल साहेबांना तसं जाता आलेलं नाही. फॉर्स्टरलाही आलं नाही. नोकरी सोडल्यावर बत्तीस वर्षांनी त्याने ती पत्रं छापली, आणि छापताना त्या राजाची बाजू मांडायची धडपड पानापानावर दिसते.

मग या लोकांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ च का केली नाही? फॉर्स्टर जिवंत असेतो सिनेमाला हक्क द्यायलाच तयार नव्हता. सत्यजित रायांनी ही कादंबरी मागितली होती, त्यांनाही त्याने नकार दिला. १९७० मध्ये तो गेल्यावर हक्क केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजकडे गेले, आणि पुढे ही कादंबरी डेव्हिड लीनच्या हाती पडली. लीनचा चित्रपट १९८४ साली आला. चित्रीकरण मुख्यतः बंगळूर आणि आसपास झालं. त्यातल्या मिसेस मूर आणि डॉ. अझीझ, म्हणजे पेगी ॲशक्रॉफ्ट आणि व्हिक्टर बॅनर्जी, हे दोघंही सहा वर्षांपूर्वी मर्चंट-आयव्हरीच्या ‘हल्लाबलू ओव्हर जॉर्जी अँड बॉनीज पिक्चर्स’ मध्ये जोधपूरच्या महालात दिसले होते. लीनने तिसरा भाग जवळजवळ सगळाच उडवला. अझीझ शेवटी काश्मीरला जातो, मागे बर्फाचे डोंगर दिसतात. गोकुळाष्टमी नाही, तुकाराम नाही, तळ्यात सोडलेलं गोकुळ नाही. गोडबोल्यांची भूमिका ॲलेक गिनेस या इंग्रज नटाला तोंडाला रंग फासून दिली, आणि तीही बरीचशी कात्रीत गेली. देवासचा जो काही अंश पडद्यावर यायचा होता तो असा गेला. लीन मोठा दिग्दर्शक, पण त्याला उत्सवापेक्षा न्यायालयाचा खटला जास्त कळत होता.

आयव्हरीने किंग्ज कॉलेजकडून घेतली ती फॉर्स्टरने देवासच्या नोकरीपूर्वी लिहिलेली पुस्तकं. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ सुमारे तीस लाख डॉलरमध्ये केला, हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. एकट्या अमेरिकेत त्याने दोन कोटींहून अधिक मिळवले. आठ ऑस्कर नामांकनं, त्यांपैकी तीन पारितोषिकं, त्यात झाबवालाबाईंची पटकथा. लगेच १९८७ मध्ये ‘मॉरिस’. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कादंबरी फॉर्स्टरने १९१३-१४ मध्ये लिहून पेटीत ठेवली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. कॉलेजवाले कुरकुरत होते, त्यांना हे पुस्तक कच्चं वाटे. व्हेनिसला जेम्स विल्बी आणि ह्यू ग्रँट यांना अभिनयाचं पारितोषिक विभागून मिळालं. १९९२ मध्ये ‘हॉवर्ड्स एंड’. नऊ नामांकनं, एमा थॉम्पसनला ऑस्कर, झाबवालाबाईंना दुसरं. बुकर आणि ऑस्कर दोन्ही मिळवणारी व्यक्ती आजवर ती एकच. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ ला आठ नामांकनं मिळाली, पारितोषिक एकही नाही. तरी पुष्कळांना हाच सर्वांत आवडतो.

एवढ्या थोड्या पैशात असं दिसणारं काम कसं होत असे? याचं उत्तर मर्चंट हेच. सेट उभारण्याऐवजी ओळखीपाळखीतली जुनी घरं मिळवायची, नटांना थोड्या पैशात चांगल्या भूमिकेची लालूच दाखवायची, पैसे द्यायची वेळ आली की विषय बदलायचा, आणि वातावरण तापलं की स्वतः कमरेला फडकं बांधून सगळ्या ताफ्याला मसालेदार जेवण करून घालायचं. त्याची पाककृतींची पुस्तकंही निघाली. मंडईत वांग्याचा भाव करणाऱ्या मुंबईकराच्या चिकाटीने तो न्यूयॉर्कच्या आणि लंडनच्या धनिकांशी भाव करी. कामाचे पैसे वेळेवर न मिळालेल्या जुन्या सहकाऱ्यांनी अलीकडच्या एका माहितीपटात तक्रारीही सांगितल्या आहेत, आणि त्याच दमात ते दिवस किती मजेचे होते हेही.

टीकाकारही थोडे नव्हते. ॲलन पार्कर या दिग्दर्शकाने फुलाफुलांचं कापड विकणाऱ्या एका दुकानाचं नाव या चित्रपटांना चिकटवलं आणि ते चिकटून राहिलं. थॅचरबाईंच्या राज्यात हे चित्रपट जुन्या इंग्लंडची गुलाबी स्वप्नं विकतात असा आरोप झाला. त्यात तथ्य नाही असं नाही. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ दुसऱ्यांदा पाहताना फ्लॉरेन्सच्या उन्हापलीकडे फारसं हाती लागत नाही. पण आरोप करणाऱ्यांनी बहुधा ‘शेक्सपिअरवाला’ आणि ‘ऑटोबायोग्राफी’ पाहिलेले नसतात. परक्या घरात पाहुणा म्हणून राहणाऱ्याला घराच्या रीतीभाती मालकापेक्षा स्पष्ट दिसतात. दिल्लीत पंचवीस वर्षं काढूनही पाहुणीच राहिलेल्या लेखिकेला, इंग्लंडमध्ये अमेरिकन म्हणून वावरणाऱ्या दिग्दर्शकाला आणि मुंबई सोडून गेलेल्या निर्मात्याला इंग्रजांचे दिवाणखाने नीट दाखवता आले याचं कारण लेसमध्ये नाही. ते कारण देवासच्या वाड्यात पियानोंची यादी करत बसलेल्या चिटणीसाला विचारायला हवं.

मर्चंट स्वतःही दिग्दर्शनाकडे वळला. अनिता देसाईंच्या कादंबरीवरचा ‘मुहाफिज’ त्याने १९९३ साली केला तो माळव्याच्या शेजारीच, भोपाळमध्ये. उर्दूच्या शेवटच्या दिवसांतला एक लठ्ठ, दारुडा शायर, आणि त्याची मुलाखत ध्वनिमुद्रित करायला आलेला एक बापडा हिंदीचा प्राध्यापक. शशी कपूर आणि ओम पुरी. जाडजूड झालेल्या, हालचाल मंदावलेल्या शशी कपूरकडे पाहताना ‘द हाउसहोल्डर’ मधला सडपातळ मास्तर आठवला की गलबलून येतं. त्याच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली आणि कलादिग्दर्शनाचा पुरस्कार सुरेश सावंतांना मिळाला. भोपाळच्या जुन्या हवेल्यांचा पडका दिमाख इतका नेमका हिंदी सिनेमात क्वचितच आला आहे. इथेही एक माणूस दुसऱ्याच्या दरबारात काहीतरी नोंदवून घ्यायला आला आहे, यंत्र बिघडलं आहे आणि पैसे संपत आले आहेत.

२००५ च्या मे महिन्यात मर्चंट लंडनमध्ये वारला, दफन झालं मुंबईत, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात. भारत सरकारने त्याला तीन वर्षांपूर्वीच पद्मभूषण दिला होता. पैसे उभे करणारा गेल्यावर कंपनीची गाडी फार पुढे गेली नाही. आणखी एक चित्रपट झाला. झाबवालाबाई २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारल्या. २०१५ साली कोहेन मीडिया ग्रुपने चित्रपट आणि माहितीपट मिळून तीस कामांचे हक्क विकत घेतले आणि जुन्या निगेटिव्हवरून नव्या प्रती करायला घेतल्या. म्हणून आज ‘शेक्सपिअरवाला’ स्वच्छ प्रतीत पाहता येतो. आयव्हरीला २०१८ साली ‘कॉल मी बाय युअर नेम’ च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा तो ८९ वर्षांचा होता. चार वर्षांनी त्याने १९६० मधल्या आपल्याच फिती पेटीतून काढून ‘अ कूलर क्लायमेट’ हा माहितीपट केला. दिल्लीवर चित्रपट करायला आलेला तरुण आयव्हरी तिथला उन्हाळा सोसेना म्हणून काबूलला पळाला होता, तिथे टिपलेलं हे सगळं साठ वर्षं तसंच पडून होतं.